पूरमदतीचं पान: निरोप छोटा, हिशेब उघडा

पूर ओसरतो, रस्ते सुरू होतात, शाळा भरतात. पण ‘तातडीने बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या हव्यात’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप फिरतच राहतो. त्यावर तारीख नसते. खाली कुणातरी कार्यकर्त्याचा मोबाइल नंबर असतो आणि त्याला पुढच्या पावसाळ्यातही फोन येत राहतात. गावाला मात्र तोवर बिस्किटं नको झालेली असतात; फावडी, खराटे आणि गमबूट हवे असतात. हा नवा निरोप उशिरा निघतो आणि जुन्याच्या गर्दीत हरवतो.

यावर उपाय म्हणून कुणी ॲप बनवायला घेतलं, तर ते तयार होईपर्यंत चिखल वाळलेला असेल. एक साधं वेब पान, एक फॉर्म, एक शीट आणि एक क्यूआर कोड एवढ्यावर तालुक्याच्या ठिकाणची छोटी संस्था महापुराचं काम नीट पेलू शकते. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. एकदा सुटलेला निरोप परत घेता येत नाही. म्हणून त्यात कमीत कमी मजकूर ठेवायचा आणि जे जे बदलणार आहे ते सगळं आपल्या हातात असलेल्या एकाच पानावर ठेवायचं.

साध्या साधनांवर मोठं काम झाल्याचे दाखले आहेत. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या काही ब्लॉगरांनी पुढाकार घेऊन ब्लॉगस्पॉटवर एक फुकटचा ब्लॉग उघडला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यावर मदतीची माहिती एकत्र केली. २६ जुलै २००५च्या मुंबईच्या पुरातही ब्लॉग असेच कामी आले. २०१८च्या महापुरात केरळात ‘केरळरेस्क्यू’ हे संकेतस्थळ स्वयंसेवक प्रोग्रामरांनी झपाट्याने उभं केलं. पण त्याच्या मागे राज्याची आयटी यंत्रणा होती, हे लक्षात घ्या. ज्या संस्थेकडे होडी नाही आणि रात्री दोनला फोन उचलणारा माणूस नाही, तिने ‘सुटका हवी असल्यास इथे नोंदवा’ असा फॉर्म कधीही उघडू नये. छपरावर बसलेला माणूस तो फॉर्म भरून तुमची वाट बघत राहील. त्याच्यासाठी पानावर ११२ हा क्रमांक आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक ठळक द्या. आपण मदतीचं आणि पाठपुराव्याचं काम घ्यायचं.

पान कसं असावं

गूगल साइट्सवर असं पान तासाभरात तयार होतं आणि त्याला खर्च नाही. वर्डप्रेसची साइट आधीपासून असेल तर तीच वापरा. पान कुणा हौशी मुलाच्या खासगी खात्यावर नको; संस्थेच्या खात्यावर हवं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डखेरीज दुसरी ओळखखूण मागणारी सोय) लावून आणि दोन विश्वस्तांच्या हाती. मुलगा परीक्षेला बसला की पान अडकतं.

पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता, चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: आज काय हवं, आज काय नको, पैसे कुठे पाठवायचे, आणि हे शेवटचं कधी बदललं. ‘काय नको’ हे लिहायला लोक बिचकतात, देणाऱ्याचं मन दुखेल म्हणून. पण ‘वापरलेले कपडे आता पाठवू नका’ हे वाक्य तिथे नसेल, तर मंदिराच्या सभामंडपात कपड्यांचा ढीग साचतो, ओल लागून कुजतो आणि तो हलवायला माणसं लागतात. वेळ लिहिताना ‘आज’ लिहू नका. ‘२५ जुलै, सकाळी ९’ असं लिहा.

मराठीत पान करताना नेमक्या तीन ठिकाणी अडतं. पहिलं, पत्रक छापणाऱ्याने श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिलेला असतो. तो पानावर चिकटवला की निरर्थक चिन्हं उमटतात, आणि चित्र म्हणून लावला तर गूगलला सापडत नाही, कुणाला कॉपीही करता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर तसाच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीतच हवा. दुसरं, पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर व्हॉट्सॲपवर चिकटवताना त्याची टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते आणि ती मध्येच तुटते. पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआय आयडी इंग्रजी आकड्या-अक्षरांत, निवडून कॉपी करता येईल असे द्या. देवनागरी आकड्यांत लिहिलेला खाते क्रमांक बँकेच्या ॲपमध्ये चिकटत नाही. तो बघून टाइप करताना एक आकडा चुकतो. आयएफएससीत पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. ओ नव्हे, शून्य, हे शेजारी लिहून ठेवा.

फोटो चारच ठेवा. मोबाइलमधून आलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंद करून दीडशे-दोनशे केबीवर आणा. पूरग्रस्त भागात टॉवर जनरेटरवर चालत असतात, नेट रांगत असतं, आणि तुमचं पान तिथल्या सरपंचाच्या फोनवरही उघडायला हवं.

आता निरोप. तो एवढाच पुरे: ‘वाशिष्ठीकाठच्या गावांसाठी मदत. आज काय हवं, काय नको आणि पैशांचा हिशेब या पानावर रोज रात्री ८ वाजता ताजा होतो. पुढे पाठवण्याआधी पान उघडून बघा. निरोपाची तारीख २५ जुलै.’ खाली लिंक. क्यूआर कोड, खाते क्रमांक, मोबाइल नंबर यातलं काहीही निरोपात नको. त्याला कारण आहे. आपत्तीत लबाड लोक मूळ चित्रातला क्यूआर बदलून तेच चित्र पुढे पाठवतात, आणि चित्र हुबेहूब दिसतं. क्यूआर फक्त पानावर असेल तर ‘आमचा क्यूआर दुसरीकडे कुठेही नाही’ असं ठामपणे सांगता येतं. शिवाय ज्या फोनवर चित्र आलं त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते स्कॅन करता येत नाही. पानावर क्यूआरच्या खाली यूपीआय आयडी अक्षरांत दिलेला असला की तो प्रश्नही सुटतो. शेजारी एक ओळ हवीच: ‘पैसे पाठवताना संस्थेचं हेच नाव दिसलं पाहिजे. दुसरं नाव दिसलं तर थांबा.’

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून देणगीदारांना पावती पाठवतानाच ‘हा नंबर सेव्ह करा’ असं सांगा. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का बसलेला निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी नवी तारीख घालून निरोप पुन्हा नव्याने टाइप करून सोडणं बरं.

पैसे घेताना

संस्था नोंदणीकृत नसेल, नुसतं मंडळ असेल, तर लोकांकडून वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. मनापासून वाटतं ते सांगते: ती नसेल तर स्वतःच्या खात्यावर पैसे मागवण्यापेक्षा जवळच्या नोंदणीकृत संस्थेचं खातं पानावर द्यावं आणि आपण वाटपाचं काम करावं. वैयक्तिक बचत खात्यात आठवड्याभरात शेकडो छोट्या रकमा आल्या की बँक चौकशी लावू शकते, खातं गोठू शकतं, आणि मग नेमक्या गरजेच्या दिवशी पैसे हाती येत नाहीत.

यूपीआयवर संस्थेकडून शुल्क कापलं जात नाही. कार्डासाठी पेमेंट गेटवे लावला तर साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी जातो, म्हणजे हजार रुपयांमागे २३ रुपये ६० पैसे. छोट्या मोहिमेला यूपीआय आणि एनईएफटी पुरेसं आहे.

परदेशातल्या नातेवाइकांचा मुद्दा नाजूक आहे. न्यू जर्सीतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असूनही तो कायद्याने परदेशी स्रोत आहे, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेने त्याचे शंभर रुपयेही घेणं हा गुन्हा आहे. नोंदणी असली तरी ते पैसे दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच उतरतात. तेव्हा देणगीच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न ‘तुमचा पासपोर्ट किंवा नागरिकत्व कोणत्या देशाचं?’ हाच ठेवा आणि गूगल फॉर्ममधल्या सेक्शनच्या सोयीने ‘इतर देश’ निवडणाऱ्यांना वेगळ्या पानावर न्या. तिथे नम्रपणे कारण लिहा. माणसं समजून घेतात. पैसे परत करण्याची वेळ आली तर मात्र दुखावतात.

फॉर्ममध्ये त्यापुढे नाव, मोबाइल, रक्कम, तारीख, पॅन आणि व्यवहार क्रमांक. पॅनला अट लावा: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं. टी किंवा सी दिसलं तर विश्वस्त संस्था किंवा कंपनी आहे, पावती त्या नावाने जाईल. व्यवहार क्रमांकाशी सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून तिथे जरा थांबू या. गूगल पेवर दोन क्रमांक दिसतात: ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ हा बारा आकडी आणि त्याच्या आसपासच गूगलचा स्वतःचा, अक्षरं मिसळलेला. फोनपेवर टी-ने सुरू होणारा एक आणि ‘यूटीआर’ असा वेगळा, बारा आकडी. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त बारा आकडी क्रमांक येतो. देणगीदार हमखास दुसरा चिकटवतो आणि मग नावावरून जुळवाजुळव सुरू होते, ज्यात तीन ‘एस. पाटील’ निघतात. प्रश्नाच्या खालीच दोन्ही ॲपचे स्क्रीनशॉट लावून योग्य क्रमांकाभोवती लाल गोल करा आणि उत्तराला ‘नेमके बारा आकडे’ ही अट लावा. एनईएफटीचा क्रमांक लांब असतो, त्यात अक्षरंही असतात; त्यासाठी वेगळा प्रश्न हवा.

पैशांचा स्क्रीनशॉट फॉर्ममध्ये मागू नका. फाइल अपलोडचा प्रश्न घातला की फॉर्म भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि तिथेच वयस्कर देणगीदार फॉर्म सोडून देतात.

देणगीदाराला प्राप्तिकरात सूट देणारी ८०जीची सवलत असलेल्या संस्थेने पानावर तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. तांदूळ, ब्लँकेट अशा वस्तुरूप मदतीलाही नाही. आणि नवी करप्रणाली निवडलेल्या माणसाला ती मुळातच मिळत नाही. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीने भरून प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. हे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत; १ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक सीएकडून तपासून घ्या. पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्याच नावाने निघते. बायकोच्या खात्यातून पैसे आणि नवऱ्याचा पॅन ही जोडी नेहमी येते, तेव्हा फॉर्ममध्येच ‘ज्यांच्या खात्यातून पैसे गेले त्यांचा पॅन’ असं लिहा.

शीटमध्ये काय बिघडतं

रात्री अकराला बँकेचं स्टेटमेंट उतरवून घेतलं, एक्सेलमध्ये उघडलं आणि यूटीआरच्या रकान्यात सगळीकडे ‘४.२३ई+११’ दिसायला लागलं. एक्सेल अकरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या अशी आखडून दाखवतं. याच अवस्थेत सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) सेव्ह केली तर मूळ आकडे कायमचे जातात. फाइल थेट उघडू नका. एक्सेलच्या डेटा टॅबमधून आयात करून तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. किंवा गूगल शीटमध्ये आयात करताना मजकुराचं संख्येत रूपांतर करण्याची खूण काढून टाका. दोन्हीकडचे क्रमांक टेक्स्टच हवेत. एकीकडे संख्या आणि दुसरीकडे टेक्स्ट असेल तर समोर सारखे दिसूनही व्हीलुकअप या जुळणी शोधणाऱ्या सूत्राला सापडत नाहीत. सोळा आकडी खाते क्रमांकाचं तर आणखी वाईट होतं: पंधरा आकड्यांनंतरचा आकडा शून्य होतो.

मराठी कीबोर्डचा सापळा वेगळाच. नोंद करणाऱ्या ताईंनी ‘५००’ देवनागरीत टाइप केलं की शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेत ते धरतच नाही. चुकीचा इशाराही येत नाही. बेरीज कमी येते आणि कुणाला कळत नाही. रोज रात्री एक ताळा करा: रकमेच्या रकान्यात काउंट आणि काउंटए ही दोन सूत्रं शेजारी लावा, एक फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेल्या सगळ्या पेशी. फरक आला की देवनागरी आकडा किंवा ‘५०० रु.’ असं काहीतरी सापडणारच.

फॉर्मची उत्तरं ज्या टॅबमध्ये उतरतात तिथे हात लावू नका. शेजारच्या रकान्यात सूत्रं भरली तर नवं उत्तर आलं की नवी ओळ सूत्राशिवाय येते. वेगळा टॅब करून तिथे उत्तरं ओढून घ्या आणि शेरे, जुळणी, पावती क्रमांक तिथेच चालवा.

हिशेब लोकांना दाखवायचा तर वेगळी फाइल करा. वेगळा टॅब चालत नाही, फाइलच वेगळी हवी. शीट ‘वेबवर प्रकाशित’ करताना मूळ निवड संपूर्ण फाइलची असते, आणि लपवलेला टॅब लिंक असलेल्या कुणालाही प्रत काढून उघडता येतो. असे पॅन आणि फोन नंबर जगासमोर जातात. नव्या फाइलमध्ये इम्पोर्टरेंज या दुसऱ्या शीटमधून माहिती ओढणाऱ्या सूत्राने फक्त बेरजा आणा आणि त्या फाइलचं संपादन कुणाला देऊ नका, कारण संपादकाला त्याच जोडणीतून मूळ शीटमधलं काहीही ओढता येतं. फॉर्मच्या सेटिंगमधली ‘निकालांचा सारांश दाखवा’ ही खूणही बंद आहे ना, ते बघा. ती चालू असली की फॉर्म भरणारा प्रत्येक जण इतरांची उत्तरं वाचतो.

सार्वजनिक तक्त्यात तारीख, जमा, खर्च, कशासाठी, बिल क्रमांक आणि शिल्लक एवढं पुरे. पण खर्च नेमका लिहा. ‘किराणा १८,०००’ यातून काहीच कळत नाही. एका कुटुंबाच्या किटमध्ये ५ किलो तांदूळ, ५ किलो कणीक, २ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, पाव किलो चहा, मीठ, तिखट, दोन साबण, काडेपेटी. किती किट, कोणत्या वाडीला, वाहतुकीचं डिझेल किती, असं लिहिलं की पुढच्या वेळी देणारा स्वतःहून ‘दहा किट माझ्याकडून’ म्हणतो. मागण्याच्या भाषेपेक्षा या तक्त्याने जास्त पैसे येतात, हे माझं ठाम मत आहे.

गरजूंची नोंद आणि पाठपुरावा

घराघरातली माहिती घेणारा फॉर्म सार्वजनिक करू नका. तो स्वयंसेवकांच्याच हातात राहू द्या. गूगल फॉर्म नेटशिवाय चालत नाही, त्यामुळे डोंगरातल्या वाड्यांसाठी कोबोटूलबॉक्स ही नेटशिवायही फॉर्म भरू देणारी सेवा वापरा. अँड्रॉइड फोनवर नोंदी साठतात आणि रेंज आली की जातात. गावाचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा, तालुका-जिल्ह्यासह. वडगाव आणि पिंपळगाव राज्यात कितीतरी आहेत, आणि चिपळूण-चिपळुण अशा दोन लेखनांनी एकाच गावाची दोन गावं होतात.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. म्हणून नुकसानीचा पुरावा डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि पानावर टाकायचा फोटो साधा. किट घेताना हात पुढे केलेल्या बाईचा चेहरा पानावर नको. तिने हो म्हटलं तरी नको, कारण त्या क्षणी तिला नाही म्हणता येत नाही.

याच नोंदी पुढे सरकारदरबारी उपयोगी पडतात, फक्त प्रश्न तसे विचारलेले हवेत. ऑगस्ट २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात मोफत धान्याच्या शासन निर्णयात दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात असण्याची अट होती आणि त्यावर मोठी टीका झाली. ज्याच्याकडे ‘पाणी कधी शिरलं, कधी उतरलं’ याची घरनिहाय नोंद आहे त्याचं म्हणणं तहसीलदाराला टाळता येत नाही. त्या दोन वेळा, ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक, पंचनाम्याची तारीख, यादीत नाव आहे का आणि मदत खात्यात कधी आली, एवढे प्रश्न ठेवा. पंचनामा झाला पण यादीत नाव नाही, अशी घरं एका फिल्टरने वेगळी निघतात. दोनशे घरांचा असा गावनिहाय तक्ता हजारो ऑनलाइन सह्यांच्या अर्जापेक्षा जास्त वजनाचा असतो. उत्तर नाही आलं तर राज्याच्या आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाइन संकेतस्थळावर दहा रुपयांत अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, उत्तराची मुदत ३० दिवस. एकाच अर्जात पाच गावं आणि तीन योजना कोंबल्या की अर्ज परत येतो.

पानावर ‘जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल पाठवा’ असं बटण ठेवून आत तयार मजकूर भरता येतो. तो छोटा ठेवा. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ चिन्हांचं होतं, त्यामुळे लांब पत्र अर्ध्यात कापलं जातं. विषय, दोन वाक्यं आणि तक्त्याची लिंक. बाकी माणूस आपल्या शब्दांत लिहील.

मोहीम संपली की पान काढून टाकू नका, कारण निरोप फिरतच राहणार आहेत आणि लोक त्याच पत्त्यावर येणार आहेत. क्यूआर आणि खाते क्रमांक काढा, घरनिहाय नोंदींतली गरज संपलेली माहिती पुसा, शेवटचा हिशेब आणि उरलेली रक्कम कशाला वापरणार ते लिहा. गूगल फॉर्म उत्तरं घेणं बंद केला की आपल्याला हवा तो मजकूर दाखवतो. तिथे लिहा: ‘या पुरासाठी मदत घेणं १५ सप्टेंबरला थांबवलं आहे. कृपया पैसे पाठवू नका. हिशेब खालच्या लिंकवर आहे.’